पन्नास गुणांचा उंबरठा

दिवाळीला पंधरा दिवस राहिले की आमच्या भागातल्या पोस्टात आणि कुरियरवाल्यांच्या दुकानांत चकलीचा वास दरवळू लागतो. चिवडा, शंकरपाळे, अनारसे, कडबोळी. वर जाड प्लॅस्टिकचे वेष्टन आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत पत्ते: टोरोंटो, मेलबर्न, ऑकलंड. कारकून डबा काट्यावर ठेवतो, वजन पाहतो, पावती फाडतो आणि डबा निघतो. ज्याच्यासाठी तो निघाला आहे, तो मुलगा किंवा ती मुलगीही एके काळी अशीच काट्यावर बसलेली असते. शिक्षणाचे इतके, वयाचे इतके, भाषेचे इतके, कामाच्या अनुभवाचे इतके, अशी बेरीज करून परक्या देशाने त्यांना कायम वास्तव्याचा परवाना दिलेला असतो. आज मध्यमवर्गीय घरात ही बेरीज जेवणाच्या टेबलावर होते आणि आजीलासुद्धा मार्कांची भाषा समजते.

माणसाला गुण देऊन घरात घेण्याची ही रीत १९६७ साली कॅनडात सुरू झाली. तिचे कौतुक करणारे म्हणतात, माणसाचा रंग न पाहता गुण पाहणारी ही पहिली पद्धत. ते खोटे नाही. पण शिक्षणाची मोजपट्टी परदेशाच्या दारात पहिल्यांदा ठेवली गेली ती काही आपल्याला आत घेण्यासाठी नव्हे. त्या मोजपट्टीचा उगम शोधायचा तर आणखी सत्तर वर्षे मागे जावे लागते, आणि सुरुवात होते ती आपल्या मुंबई बंदरात.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग होता. त्याच सुमारास ‘कूरलँड’ नावाची आगबोट मुंबईहून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे निघाली. तीत मोहनदास गांधी, कस्तुरबा आणि मुले होती. ‘नादेरी’ नावाची दुसरी बोटही तिच्या मागेपुढे दरबान बंदरात पोचली. प्लेगचे निमित्त पुढे करून दोन्ही बोटी तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर अडकवून ठेवल्या गेल्या. खरी भीती प्लेगची नव्हती, उतारूंची होती. भारतीय मजूर करारावर यावेत, ऊस तोडावा आणि परत जावे, इतपत गोऱ्या वसाहतवाल्यांना मान्य होते. पण स्वतःच्या पैशाने येऊन दुकान मांडणारा भारतीय त्यांना डोळ्यांसमोर नको होता. १३ जानेवारी १८९७ रोजी उतारू उतरले तेव्हा जमावाने गांधींना रस्त्यात गाठून मारहाण केली. ही हकीकत आपण शाळेत वाचलेली असते. तिच्यानंतर चार-पाच महिन्यांनी काय झाले ते मात्र सहसा वाचलेले नसते.

नाताळच्या विधिमंडळाने १८९७ साली परदेशीयांच्या आगमनावर निर्बंध घालणारा कायदा केला. गंमत अशी की त्यात भारतीयांचे नावही नव्हते. नाव घालणे लंडनला परवडणारे नव्हते, कारण भारतीय हेही राणीचेच प्रजाजन. त्यांना उघडउघड ‘तुम्ही काळे म्हणून बाहेर’ असे म्हणणे साम्राज्याच्या इभ्रतीला शोभले नसते. म्हणून कायद्यात एवढेच लिहिले की येणाऱ्याने कुठल्याही युरोपीय भाषेत, त्या भाषेच्या लिपीत, एक अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दाखवावा. मोडी लिहिणारा, देवनागरी लिहिणारा, गुजरातीत लाखोंचा जमाखर्च ठेवणारा, सारे एका फटक्यात निरक्षर ठरले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की त्याच वर्षी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या मुख्य प्रधानांपुढे त्यांनी तिची शिफारस केली.

ऑस्ट्रेलियाने ती १९०१ साली उचलली आणि तिच्यावर कडी केली. तिथे उतारूला पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालत. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार! इंग्रजी येणारा भारतीय आला तर त्याला दुसरी कुठली युरोपीय भाषा घालायला अधिकारी मोकळा. १९०९ नंतर या परीक्षेत एकही जण उत्तीर्ण झाला नाही. जी परीक्षा नापास करण्यासाठीच घ्यायची, तिचा निकाल आणखी कसा लागणार? या परीक्षेची शोभा १९३४ साली झाली. एगॉन किश नावाचा, अनेक भाषा जाणणारा एक लेखक युरोपातून तिथे व्याख्यानांसाठी आला. त्याचे विचार सरकारला नको होते. बोटीवरून उतरू देईनात, तेव्हा त्याने मेलबर्नच्या धक्क्यावर उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीला त्याची परीक्षा घेतली, तीही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेत. तो नापास झाला, पण प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले आणि न्यायालयाने गेलिकला कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा मानायलाच नकार दिला. स्कॉच मंडळी त्या निकालाने चांगलीच चिडली म्हणतात. ही श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ साली एकदाची रद्द झाली.

कॅनडाने मात्र लेखणीऐवजी समुद्राचा उपयोग केला. पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबियात १९०८ च्या सुमारास पाचेक हजार भारतीय पोचले होते. बहुतेक पंजाबी, लाकडाच्या गिरण्यांतून आणि रेल्वेच्या कामावर राबणारे. त्या वर्षी सरकारने हुकूम काढला: जो कोणी येईल त्याने आपल्या मायदेशाहून एकाच सलग प्रवासाने, तिथेच काढलेल्या तिकिटावर यावे. भारतातून कॅनडाला अशी सलग जाणारी बोट नव्हतीच! शिवाय आशियाई माणसाच्या खिशात दोनशे डॉलर असलेच पाहिजेत, अशीही अट होती. इथेही ‘भारतीय’ हा शब्द कुठे नाही. या सगळ्या व्यवस्थेची बोलणी करायला लंडनला गेलेल्या तरुण अधिकाऱ्याचे नाव विल्यम लायन मॅकेन्झी किंग. हे नाव लक्षात असू द्यावे, ते पुन्हा यायचे आहे.

सलग प्रवासाच्या अटीला आव्हान म्हणून गुरदितसिंग यांनी ‘कोमागाता मारू’ ही जपानी बोट भाड्याने घेतली. २३ मे १९१४ रोजी ३७६ उतारूंसह ती व्हँकूव्हरच्या बंदरात आली आणि बरोबर दोन महिने तिथे नांगरून राहिली. किनारा दिसतो आहे, किनाऱ्यावरची आपली माणसे होड्यांतून हाका मारताहेत, आणि बोटीवर पाण्याची टंचाई. अवघ्या चोवीस जणांना उतरू दिले. बाकीच्यांना घेऊन बोट २३ जुलैला परत फिरवली. सप्टेंबरच्या अखेरीस ती कलकत्त्याजवळ बजबज येथे लागली, तेव्हा तिथे झालेल्या गोळीबारात सुमारे वीस उतारू मारले गेले. या संतापाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गदर चळवळीत तेल ओतले. त्या चळवळीत आपलीही माणसे होती. पांडुरंग खानखोजे होते. आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे, जे अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकायला म्हणून गेले, १९१४ च्या अखेरीस क्रांतीसाठी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. कोमागाता मारूबद्दल कॅनडाच्या लोकसभेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

१९०८ चे ते किंगसाहेब पुढे पंतप्रधान झाले. १९४७ साली त्यांनी लोकसभेत धोरण सांगितले: माणसे हवीत, पण आशियातून मोठ्या संख्येने नकोत, कारण त्याने लोकवस्तीची मूळ घडण बदलेल. भारत स्वतंत्र झाला, राष्ट्रकुलात राहिला, तेव्हा अगदीच दार लावून घेणे बरे दिसेना. मग १९५१ साली करार झाला आणि भारताला वर्षाला दीडशे माणसांचा कोटा मिळाला! पुढे १९५७ साली तो तीनशे झाला. चाळीस कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशाला तीनशे. कायद्यात आणखी एक मजेदार कलम बराच काळ होते: हवामान न मानवणाऱ्या लोकांना नाकारता येई. पंजाबचा जाट, जो थंडीत पहाटे उठून गव्हाला पाणी देतो, त्याला हवामान मानवणार नाही अशी काळजी ओटावातल्या कचेरीला वाटत होती.

मग हे बदलले कसे? सद्गुणांचा एकाएकी उदय झाला, असे समजण्याचे कारण नाही. युद्धानंतर युरोप सावरला. जर्मन, डच, इंग्रज कारागिराला घरीच चांगला पगार मिळू लागला आणि तो बोटीवर चढेनासा झाला. इकडे कॅनडात कारखाने, विद्यापीठे, इस्पितळे उभी राहत होती. आशिया-आफ्रिकेतील नव्या राष्ट्रांच्या पंगतीत बसून रंगभेदाविरुद्ध बोलायचे आणि घरी आल्यावर रंग पाहून दार उघडायचे, हेही अवघड होत चालले होते. १९६२ साली एलन फेअरक्लॉ या बाईंनी नियमांतून वंश आणि देश जवळजवळ काढून टाकले. या बाई कॅनडाच्या मध्यवर्ती मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री. तरी एक खोच राहिलीच होती: दूरच्या नातेवाइकांना बोलावण्याची सवलत युरोपियांना अधिक होती. आणि त्याहून मोठी अडचण अशी, की ‘वंश पाहू नका’ म्हटल्यावर पाहायचे काय, हे अधिकाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. एकाला शिक्षण मोठे वाटे, दुसऱ्याला मनगट, तिसऱ्याला चेहरा.

ही अडचण टॉम केंट यांनी सोडवली. हे गृहस्थ मनुष्यबळ व परदेशीयांच्या आगमनाच्या खात्याचे सचिव होते, आणि स्वतःही बाहेरचेच. १९५४ साली इंग्लंडहून एका वृत्तपत्राचे संपादक म्हणून आलेले. त्यांच्या खात्याने चांगल्या माणसात काय काय पाहावे याची यादी केली, प्रत्येक गोष्टीला गुण वाटून दिले आणि शंभराची उत्तरपत्रिका तयार झाली. १ ऑक्टोबर १९६७ पासून ती लागू झाली. शिक्षणाचे वीस. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मताचे पंधरा. त्या धंद्याला असलेल्या मागणीचे पंधरा. कौशल्याचे दहा, वयाचे दहा, हातात नोकरी ठरलेली असेल तर दहा, इंग्रजी आणि फ्रेंच मिळून दहा. नातेवाईक तिथे असल्यास पाच, जिथे जायचे त्या गावी काम मिळण्याजोगे असल्यास पाच. पास व्हायला पन्नास.

आता आपण त्या काळच्या एखाद्या पुण्याच्या इंजिनियराला हा पेपर देऊ. वय अठ्ठावीस. शिक्षणाच्या प्रत्येक यशस्वी वर्षाला एक गुण; शाळेची अकरा आणि कॉलेजची पाच, सोळा झाले. पस्तिशीपर्यंत वयाचे पुरे दहा. इंग्रजी चांगले, पाच. फ्रेंचचे पाच सोडून द्यायचे. व्यवसायाची पायरी वरची, म्हणून कौशल्याचे दहा. झाले एक्केचाळीस. उरलेले नऊ मागणीच्या आणि मुलाखतीच्या तीस गुणांतून सहज निघतात. ना ओळख, ना नातलग, ना नोकरीची चिठ्ठी! दीडशेच्या कोट्यात ज्याच्या बापाला जागा नव्हती, तो आता कागदाच्या बळावर आत जात होता. हे थोडे नव्हे. १९६७ नंतरच्या वर्षांत टोरोंटोला, माँट्रियलला जी आपली डॉक्टर-इंजिनियर मंडळी गेली, त्यांना कुठल्याही साहेबाची मेहेरबानी घ्यावी लागली नाही, याचे मला खरोखर अप्रूप वाटते.

पण याच पेपराला कोमागाता मारूवरचा एखादा उतारू बसवून पाहू. तिशीतला शेतकरी, गावच्या शाळेत चार यत्ता. शिक्षणाचे चार, वयाचे दहा, कौशल्याचा एक, भाषेचे शून्य. पंधरा. मागणीचे सगळे पंधरा, साहेब खूश होऊन मुलाखतीचे सगळे पंधरा, गावच्या कामाचे सगळे पाच, इतके मिळाले तर होतात नेमके पन्नास. म्हणजे तीन ठिकाणी एकही गुण न गमावता तो उंबरठ्यावर पोचतो. एक गुण गेला की परत समुद्रात. नातलगांसाठी निराळे आणि सोपे नियम होते म्हणून पंजाबातली गावेच्या गावे पुढे तिकडे नांदली, हे खरे. पण ज्याचे तिथे कोणी नाही आणि ज्याच्या हातात पुस्तक नाही, त्याच्यासाठी दाराचा रंग तेवढा बदलला होता. नाताळच्या कायद्याने अक्षरओळख पुढे करून रंग वगळला होता. कॅनडाने रंग वगळण्याचे सोडले, अक्षरओळख ठेवली.

दुसरीही एक गोष्ट मनात राहते. त्या सोळा गुणांपैकी अकरा गुण कुणाचे? तालुक्याच्या शाळेत फाटक्या कोटाने गणित शिकवणाऱ्या मास्तरांचे, फी माफ करणाऱ्या संस्थेचे आणि सरकारी तिजोरीचे. खर्च इथला, गुण तिथे. आणि आत गेल्यावर गंमत अशी की दारावर ज्या पदवीचे पुरे गुण मिळाले, तीच पदवी तिथल्या प्रांतांतील वैद्यकांच्या आणि अभियंत्यांच्या मंडळांना पुरेशी वाटत नाही. दारात केंद्र सरकार उभे, माजघरात प्रांतिक मंडळे. सूतिकागृह चालवलेल्या बाईंनी तिकडे दुकानात हिशेब लिहावा आणि रात्री पुन्हा परीक्षेचा अभ्यास करावा, अशी उदाहरणे कुणाच्या नात्यात नाहीत?

कॅनडाचे पाहून ऑस्ट्रेलियाने १९७९ साली आणि न्यूझीलंडने १९९१ साली आपापल्या गुणपत्रिका काढल्या. कॅनडाने २००२ साली नवा कायदा करून मुलाखतीच्या मर्जीचे गुण काढून टाकले; पास होण्याची रेषा आधी पंचाहत्तर, मग २००३ साली सदुसष्ट. नियम कागदावर स्वच्छ झाले, आणि तिथेच नवा घोटाळा झाला. सदुसष्ट गुण मिळवणारा प्रत्येक जण पास. पण वर्षाला घ्यायची माणसे मर्यादित. मग पास झालेले लाखो अर्ज गठ्ठ्यांत साचू लागले. पाच-पाच, सात-सात वर्षे लोक वाट पाहत राहिले. इथे घर घ्यायचे की नाही, मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, लग्न कधी करायचे, सारे ‘कॅनडाचे कळल्यावर’. आणि २०१२ साली त्या सरकारने काय केले? २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी आलेले आणि निकालात न निघालेले अर्ज कायद्याने रद्द करून टाकले. अर्ज जवळपास एक लाख, त्यांतली माणसे कुटुंबीयांसह सुमारे दोन लाख ऐंशी हजार. फीचे पैसे परत. जे न्यायालयात गेले त्यांचे दावे २०१३ साली फेटाळले गेले. नापास झालेल्याला निदान निकाल तरी मिळतो. या मंडळींचा पेपरच रद्दीत गेला.

तो अनुभव घेऊन जानेवारी २०१५ पासून जी रीत आली, ती आजही चालू आहे. आता नुसती पासाची रेषा ओलांडून भागत नाही. अर्जदार भाषेची परीक्षा देतो, पदवीची तपासणी करून घेतो, पैसे शिल्लक असल्याचा पुरावा काढतो आणि आपले गुण घेऊन एका मोठ्या तळ्यात जाऊन बसतो. सरकार मधूनमधून जाळे टाकते आणि वरच्या वरचे मासे उचलते. गुण बाराशेपैकी, एखाद्या प्रांताने शिफारस केली तर त्यातले सहाशे एकदम मिळतात. म्हणजे १९६७ ची परीक्षा होती, ही शर्यत आहे. आपण तितकेच धावलो तरी शेजारचा जोरात धावला की आपण मागे. १९६७ साली ज्या फ्रेंचचे गुण सोडून द्यायचे, ती शिकायला आता पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना चाळिशीकडे झुकलेली माणसे बसतात. भावंड कॅनडात असेल तर पंधरा गुण मिळतात. आईवडिलांना सांभाळतो याचा रकाना मात्र कुठल्याच वर्षीच्या कागदात मला आढळला नाही.

आणि वयाचा हिशेब तर विलक्षण. एकट्या अर्जदाराला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे एकशे दहा गुण. तिसावे लागले की एकशे पाच, एकतिसावे लागले की नव्याण्णव. असे चाळिशीपर्यंत दरसाल पाच-सहा आणि पुढे त्याहून वेगाने झडत झडत पंचेचाळिशीला शून्य.

आमच्या शेजारच्या मुलाचा तिसावा वाढदिवस गेल्या आश्विनात झाला. आईने रांगोळी घालून पाट मांडला, निरांजन लावले, सुपारी आणि अंगठी घेऊन ओवाळले, शंभर वर्षांचा हो म्हणाली. त्याने वाकून नमस्कार केला. मग घास तोंडात असतानाच मोबाइल उघडून पाहिला. बाजूला बसलेल्या वडिलांनी हळूच विचारले, ‘‘किती गेले?’’ तो म्हणाला, ‘‘पाच.’’ आई म्हणाली, ‘‘आधी श्रीखंड संपव.’’